मे महिन्यात सहा जणांची कोकण सहल : ९६ हजारांचा अंदाज खाली कसा आणावा?

भांडुपकर :

नमस्कार. आम्ही घरात सहा जण आहोत. मी, पत्नी, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि आई-वडील. वडील ७६ वर्षांचे आहेत आणि आई ७२ वर्षांची. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिला जिने चढवत नाहीत, पण प्रवासाची हौस घरात सर्वांत जास्त तिलाच आहे. करोनाच्या आधी आम्ही सगळे मिळून शेवटचे बाहेर पडलो होतो. त्यानंतर मुलांच्या परीक्षा, वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आणि घराचे हप्ते यांत दर उन्हाळा तसाच गेला. या वर्षी मात्र मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पाच रात्री कोकणात घालवायच्या असे ठरले आहे. मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी सिंधुदुर्ग किल्ल्याची पुठ्ठ्याची प्रतिकृती केली होती आणि आता त्याला खरा किल्ला पाहायचा आहे.

आमच्या भागातल्या एका सहल-एजंटाकडून अंदाज घेतला. दोन रात्री गणपतीपुळे, दोन रात्री तारकर्ली, एक रात्र वेंगुर्ले, मुंबईहून निघून मुंबईला परत येईपर्यंत वातानुकूलित गाडी, आणि एकूण ९६,००० रुपये. मी तपशील मागितला तेव्हा त्यांनी जरा नाखुशीनेच तो लिहून दिला. गाडीचे ३८,०००, दोन खोल्यांचे पाच रात्रींचे ३२,००० (म्हणजे एका खोलीला रात्रीचे ३,२००), सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण मिळून १६,०००, आणि उरलेले १०,००० स्थलदर्शन व सेवाशुल्क म्हणून. दुपारचे जेवण, होडी, मुलांचे पाण्यातले खेळ हे सगळे वेगळे.

माझी मर्यादा ५५,००० रुपयांची आहे. त्यासाठी कर्ज किंवा क्रेडिट कार्डाचे हप्ते घ्यायचे नाहीत, हे पक्के आहे. दिवस कमी करणे हा मार्ग मला दिसतो, पण एवढ्या वर्षांनी निघायचे आणि तिसऱ्या दिवशी परतायचे याला मन तयार होत नाही. आई-वडिलांचे हाल न करता यातले नेमके काय कापता येईल, हे अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

हिशेबी माणूस :

आपण तपशील मागून घेतलात हे उत्तम केलेत, कारण त्यातच उत्तर आहे. गाडीच्या ३८,००० रुपयांकडे नीट पाहा. मुंबईहून बाहेरगावी जाणाऱ्या भाड्याच्या गाड्यांना बहुतेक ठिकाणी रोजच्या किमान किलोमीटरची अट असते, कुठे २५०, कुठे ३००. आपला एजंट ३०० धरत असावा. सहा दिवसांचे १,८०० किलोमीटर, दर २० रुपये, म्हणजे ३६,०००, आणि वर चालकाचा भत्ता व टोल. आपला प्रत्यक्ष प्रवास मात्र बाराशे किलोमीटरच्या पलीकडे जाईल असे मला वाटत नाही. याचा अर्थ असा की, तारकर्लीला आपण समुद्रात डुंबत असाल त्या दिवशीही माडाखाली उभ्या असलेल्या गाडीचे सहा हजार रुपये आपण भरत असाल.

म्हणून नाश्ता कमी करणे, मुलांचे आइस्क्रीम नाकारणे असल्या काटकसरीच्या नादी लागू नका. त्याने पाच दिवसांत हजार रुपयेही वाचत नाहीत आणि सहलीचा विचका होतो तो वेगळाच. मुंबई ते कुडाळ रेल्वेने जा, पाचही रात्री एकाच ठिकाणी, तारकर्लीला काढा आणि तिथे ज्या दिवशी लांब फिरायचे असेल त्याच दिवसापुरती स्थानिक गाडी करा. गणपतीपुळे या वेळी सोडून द्या. तिथून तारकर्लीला जाण्यात अख्खा दिवस मोडतो आणि आईंच्या गुडघ्यांना तो दिवस सर्वांत महाग पडेल.

दुसरी गोष्ट वारांची. कोकणातल्या घरगुती निवासांत शुक्रवार आणि शनिवारच्या रात्रीचा दर चढा असतो आणि रविवारी दुपारी खोल्या रिकाम्या होतात. रविवारी सकाळी मुंबई सोडून शुक्रवारी रात्री परतीची गाडी धरलीत, तर आपल्या पाचही रात्री आडवारच्या होतील. दर विचारताना आधी ‘रविवार ते गुरुवार’ असे सांगावे आणि मगच आकडा विचारावा. आकडा आधी ऐकला की घासाघीस करावी लागते, आणि ती करण्याची आपल्यापैकी अनेकांना लाज वाटते.

मुलुंड_पूर्व :

एवढ्या लांब जायचेच कशाला, असा माझा प्रश्न आहे. भांडुपहून लोकलने नेरळ, तिथून माथेरान. प्रवासाचा खर्च जवळजवळ नाहीच. वडिलांना रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांची सवलतही मिळेल.

हिशेबी माणूस :

सवलतीबद्दल आधी लिहितो, कारण त्या भरवशावर कोणी अंदाजपत्रक करू नये. रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद केली आणि ती अद्याप सुरू केलेली नाही. पूर्वी पुरुषांना ४० टक्के आणि महिलांना ५० टक्के मिळत असे, ती आठवण लोकांच्या मनातून गेलेली नाही इतकेच.

माथेरान सुंदर आहे, परंतु जवळचे म्हणजे स्वस्त, हा समज मे महिन्यात खोटा ठरतो. मुंबईपासून दोन-तीन तासांवरच्या प्रत्येक ठिकाणी सगळी मुंबईच लोटलेली असते आणि प्रवासात वाचवलेले पैसे खोलीच्या भाड्यात जातात. शिवाय माथेरानात मोटारींना बंदी असल्याने दस्तुरी नाक्यापासून पुढचा मार्ग मिनी ट्रेन, घोडा, रिक्षा किंवा पाय यांनीच काढावा लागतो. गुडघेदुखी असलेल्या माणसाला घेऊन ऐन गर्दीत तिथे जाण्याचा सल्ला मी देणार नाही. आणि मुलाला सिंधुदुर्ग पाहायचा आहे, तो नेरळला कसा दिसणार?

जुना चाकरमानी :

तीस वर्षे मालवणला जातो आहे, म्हणून रेल्वेविषयी थोडे सविस्तर लिहितो.

आरक्षण आता १२० नव्हे तर ६० दिवस आधी उघडते. १ नोव्हेंबर २०२४ पासून हा बदल झाला आहे. मे महिन्यात कोकण रेल्वेच्या गाड्या किती लवकर भरतात हे वेगळे सांगायला नको, तेव्हा त्या दिवशी सकाळी आठ वाजता तयारीत बसावे. रेल्वेच्या तिकीट-संकेतस्थळावरचे आपले खाते आधारशी जोडलेले नसेल तर ऐन वेळी ऑनलाइन तिकीट निघत नाही, म्हणून ते काम आजच उरकून घ्या. लोक हमखास विसरतात ते असे की, परतीचे आरक्षण त्याच दिवशी उघडत नाही. आपण रविवारी जाऊन शुक्रवारी परतणार असाल, तर परतीच्या तिकिटासाठी पुन्हा पाच दिवसांनी सकाळी आठ वाजता बसावे लागेल. जाण्याचे तिकीट मिळाले म्हणून निश्चिंत झालेली आणि परतताना तत्काळचे जादा पैसे मोजणारी कुटुंबे मी दर वर्षी पाहतो.

जाताना मांडवी एक्स्प्रेसने जा. ती ठाण्याला थांबते, त्यामुळे आपल्याला सीएसएमटीपर्यंत उलटे जाण्याचे कारण नाही. दिवसाचा प्रवास असल्याने मुलाला बर्थ न घेता अर्ध्या भाड्यात नेता येईल. पाच ते अकरा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ मागितला की पूर्ण भाडे पडते, न मागितल्यास अर्धे. चेअरकारच्या गाड्यांत मात्र ही सोय नाही, हे लक्षात ठेवा. परतताना कोकणकन्या घ्या आणि तेव्हा मुलाला पूर्ण बर्थ द्या. रात्रभर आठ वर्षांच्या मुलाला कुशीत घेऊन झोपण्यात जे पैसे वाचतात, ते दुसऱ्या दिवशीच्या मानदुखीत फिटतात.

आई-वडिलांचे तिकीट वेगळे काढा. एका तिकिटावर सहा नावे बसतात आणि सेवाशुल्कही एकदाच पडते, म्हणून सगळ्यांचे एकत्र काढण्याचा मोह होतो. परंतु ज्येष्ठांसाठी राखीव असलेले खालचे बर्थ तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच त्या कोट्यातून मिळतात. सहा जणांत दोघे ज्येष्ठ असले तर तो कोटा लागू होत नाही, आणि मग डब्यात शिरल्यावर ‘जरा खालचा बर्थ देता का’ म्हणून सगळ्यांच्या विनवण्या करत बसावे लागते. दोन तिकिटांमुळे सेवाशुल्काचे थोडे रुपये जास्त जातील, ते खुशाल जाऊ द्यावेत.

आता माझ्या फजितीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी दादरहून सुटणाऱ्या तुतारी एक्स्प्रेसची सात तिकिटे काढली होती. तिकिटावर १२ मे ही तारीख आणि सुटण्याची वेळ ००:०५. आम्ही १२ तारखेला रात्रीची जेवणे उरकून, सामान घेऊन, साडेअकराला फलाटावर हजर झालो. गाडी लागली, डबा सापडला, आणि आमच्या जागांवर एक कुटुंब आधीच पथारी पसरून बसलेले. तिकीट तपासनिसांनी माझे तिकीट दोन वेळा पाहिले आणि अतिशय सौम्य आवाजात म्हणाले, ‘काका, तुमची गाडी काल रात्री गेली.’ बारा वाजून पाच मिनिटे म्हणजे १२ तारीख सुरू होऊन पाच मिनिटे झालेली, म्हणजेच आपल्या बोलीतली ११ तारखेची रात्र. सात तिकिटांचे पैसे बुडाले. फलाटावरच्या बाकावर बसून आम्ही दशम्यांचा डबा उघडला आणि पहाटेपर्यंत कोणी माझ्याशी बोलले नाही. मध्यरात्रीनंतर सुटणारी कोणतीही गाडी घेणार असाल, तर तारीख घरातल्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

भांडुपकर :

चाकरमानी काका, मनापासून आभार. वेगळ्या तिकिटाची गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. एक शंका आहे. कुडाळहून तारकर्ली तीस-पस्तीस किलोमीटर आहे. तिथे एसटीने जाणे सामानासह जमेल का? आणि एवढे खटाटोप करण्यापेक्षा सगळाच प्रवास एसटीने केला तर?

डबा क्रमांक सात :

एसटीचे गणित आपल्या कुटुंबाला विलक्षण अनुकूल आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सर्व गाड्यांत निम्मे भाडे आहे आणि ते आपल्या तेरा वर्षांच्या मुलीलाही लागू आहे. ७५ वर्षांवरील नागरिकांना प्रवास विनामूल्य आहे, त्यामुळे वडिलांचे तिकीट शून्य रुपयांचे निघेल. मुलगा बारा वर्षांच्या आतला, म्हणून अर्धे तिकीट. पूर्ण तिकीट एकट्या आपले. थोडक्यात, सहा जण मिळून तीन तिकिटांच्या पैशांत जातील. रेल्वेत हाच आकडा साडेपाच होतो. आई-वडिलांची आधार कार्डे वाहकाला दाखवण्यासाठी हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते, पण आपण गोव्यात जाणार नसल्याने तो प्रश्न येत नाही.

तरीही मुंबई ते मालवण हा सबंध प्रवास एसटीने करा असे मी म्हणणार नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चालले आहे आणि त्याबद्दल इथल्या वाचकांना मी काय सांगावे? बाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना रात्रभर ते वळसे आणि ते खड्डे नकोत. शिवाय रेल्वेत उठून चार पावले टाकता येतात आणि स्वच्छतागृह असते. वृद्ध माणसे बसप्रवासात पाणी प्यायचेच टाळतात, हे आपण पाहिले असेल.

कुडाळला उतरल्यावर मात्र एसटीचा हट्ट धरू नका. संध्याकाळी सामान, मुले आणि थकलेली माणसे घेऊन आधी स्टॅंड, मग मालवण, मग तिथून देवबागकडे जाणारी गाडी, हे फार होते. निवासाच्या मालकांनाच ओळखीची गाडी पाठवायला सांगा. त्यांचा दर स्थानकाबाहेरच्या पहिल्या आकड्यापेक्षा सहसा कमी असतो. एसटी वापरायची ती मधल्या दिवसांत, हलक्या हातांनी तारकर्लीहून मालवणच्या बाजारात जाताना.

गिरगावची माहेरवाशीण :

वरचे सगळे सल्ले उपयोगी आहेत, पण एका मुद्द्यावर अजून कोणी बोललेले नाही, म्हणून लिहिते. पैसे वाचवण्यासाठी ‘स्वयंपाकघर असलेली खोली घेऊ आणि तिथेच करून खाऊ’ असा सल्ला आपल्याला कोणी तरी नक्की देईल. आमच्या सासरी एका वर्षी तो अमलात आला होता. पाच दिवस मी आणि माझ्या जाऊबाई दुसऱ्याच्या ओट्यावर, दुसऱ्याच्या बोथट विळीने कांदे चिरत होतो आणि बाकीची मंडळी समुद्रावर होती. घरी परतल्यावर ‘यंदा जेवणाचा खर्च किती कमी झाला’ याचे कौतुक झाले. तो कमी झाला नव्हता, तो आम्ही दोघींनी उचलला होता. वहिनींना विचारल्याशिवाय असला बेत करू नका.

शिदोरी जातानाच्या दिवसापुरती न्यावी. तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, कोरडी चटणी, भडंग. मांडवीत खायला भरपूर मिळते आणि मुलांना तेच हवे असते, तेव्हा तेही थोडे घेऊ द्यावे. तारकर्लीला मात्र घरमालकिणीकडेच जेवावे. आदल्या रात्री सांगून ठेवले की, त्या सकाळच्या बाजारात स्वस्त असेल तो मासा आणतात आणि ताटाचा दर ठरलेला राहतो. मोठ्या पाटीच्या हॉटेलात जाऊन सुरमई किंवा पापलेट मागवले की, ताटाचा दर माशाच्या आकारावर जातो आणि बिल आल्यावर सगळे गप्प होतात. बांगडा खा. मे महिन्यात सकाळी घावन आणि दुपारी बांगड्याचे तिखले मिळत असताना कोणाला काय कमी आहे?

खरेदीही शेवटच्या दिवशी मालवणच्या बाजारात करावी. कोकम, मालवणी मसाला आणि खाजे तिथे वजनावर मिळते. रस्त्यावरच्या सजवलेल्या दुकानांत तेच डब्यात घालून विकतात.

हिशेबी माणूस :

प्राप्तिकराचा एक मुद्दा राहिला. आपल्या पगारात प्रवास-सवलत भत्ता असेल आणि आपण जुन्या करप्रणालीत असाल, तर रेल्वेभाड्याच्या रकमेवर करमाफी मिळू शकते. चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोन प्रवासांना ही सूट असते. २०२२ ते २०२५ हा गट संपून २०२६ ते २०२९ हा नवा गट सुरू झाला आहे, आणि आधीच्या गटातला एक न वापरलेला प्रवास २०२६ मध्ये वापरता येतो. आपण इतकी वर्षे कुठेच गेला नाहीत, त्यामुळे हे आपल्या उपयोगाचे आहे. सूट केवळ प्रवासभाड्याला असते, खोली आणि जेवणाला नाही. आई-वडील आपल्यावर अवलंबून असतील तर त्यांचे भाडेही धरता येते. तिकिटे जपून ठेवा. नवी करप्रणाली घेतली असेल, तर हा परिच्छेद विसरून जा.

आणखी एक गोष्ट, तारखा पुढे ढकलू नका. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पावसाळ्यासाठी किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ बंद व्हायला लागतात. जूनमध्ये खोल्या स्वस्त होतात खऱ्या, पण मग मुलाला किल्ला किनाऱ्यावरून पाहावा लागेल.

भांडुपकर :

सर्वांचे आभार. काल रात्री पत्नी आणि मी वहीवर नव्याने आकडे मांडले. रेल्वेचे जाणे-येणे साधारण साडेअकरा हजार, कुडाळ ते तारकर्ली गाडीचे दोन्ही वेळचे तीन हजार, एका दिवसाच्या वेंगुर्ल्याच्या फेरीचे साडेतीन हजार, दोन खोल्यांचे पाच रात्रींचे वीस हजार, जेवणाखाण्याचे अकरा हजार, आणि होडी व मुलांचे खेळ मिळून चार हजार. एकूण ५३,०००. ओट्याच्या खोलीचा विचार माझ्या मनात खरोखरच होता. माहेरवाशीण ताईंचा प्रतिसाद पत्नीने मोठ्याने वाचून दाखवला, त्यामुळे तो विषय संपला.

खोल्यांसाठी तारकर्लीच्या एका घरगुती निवासाशी फोनवर बोललो. तळमजल्याच्या दोन खोल्या आहेत, अंगणापर्यंत एकच पायरी आहे. ‘रविवार ते गुरुवार’ असे आधी सांगितल्यावर त्या बाईंनी स्वतःहूनच २,००० रुपये दर सांगितला. त्या निम्मी रक्कम आगाऊ मागत आहेत. अशी निम्मी रक्कम देण्याची तिकडे रीत आहे का?

जुना चाकरमानी :

मे महिन्यात निम्मी रक्कम आगाऊ मागण्यात वावगे काही नाही. मोसम दोन महिन्यांचा असतो आणि शब्दावर खोली अडवून ठेवणारे पाहुणे आयत्या वेळी फिरकत नाहीत, हा त्यांचाही अनुभव आहे. तरीही पैसे पाठवण्यापूर्वी व्हिडिओ कॉल करून खोल्या, न्हाणीघर आणि ती पायरी दाखवायला सांगा, कारण दुसऱ्याच्या घराचे फोटो लावून पैसे उकळणारे लोकही आहेत. किती दिवस आधी रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. आणि जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटे पक्की होईपर्यंत निम्म्याऐवजी हजार-दोन हजारांवर खोली धरून ठेवता येईल का, असे एकदा विचारून पाहा. बहुतेक जण हो म्हणतात.